टेलिफोन, माइक, सॅक्सोफोन: फोनवाल्या शब्दांचं ग्रीक बिऱ्हाड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गोव्यात म्हापशाला आमचं मोबाइल रिपेअरचं दुकान आहे. त्याच जागेत आधी बाबांचा एसटीडी बूथ होता, पिवळा बोर्ड, काचेचं खोपटं, वर बिलाचं मशीन, म्हणजे फोन आमच्या घरात दोन पिढ्या पोट भरतोय. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी गर्दी फार, लोक डिस्प्ले बदलून होईपर्यंत बाकावर बसून राहतात आणि बसल्या बसल्या काहीही विचारतात. मला शब्द खोलून बघायची खोड पहिल्यापासून, फोन खोलायला तर नंतर शिकले. तेच तेच प्रश्न इतक्यांदा झाले की म्हटलं एकदा लिहूनच काढूया, म्हणजे पुढच्या वेळी हात स्क्रू ड्रायव्हरवर राहील.

टेलिफोन या शब्दाचा नेमका अर्थ काय?

दोन पार्ट आहेत. पहिला 'टेले', म्हणजे लांब, दूर. दुसरा 'फोने', म्हणजे आवाज, वाणी. दोन्ही ग्रीक. जोडले की झाला लांबचा आवाज. आपला 'दूरध्वनी' म्हणजे याचीच पार्टाला पार्ट लावून केलेली कॉपी, दूरला दूर आणि ध्वनीला ध्वनी, एक स्क्रूसुद्धा जास्तीचा नाही.

फक्त एक खुसपट काढते. ग्रीक 'फोने' म्हणजे नुसता ध्वनी नाही, मुख्यतः गळ्यातून निघणारा आवाज, माणसाचा किंवा जनावराचा. त्या हिशेबानं आपल्यापेक्षा कानडी लोकांनी नेम बरोबर साधलाय. कारवारला गेलात तर बोर्डावर 'दूरवाणी' लिहिलेलं दिसेल. तमिळमध्ये 'तोलैपेसी' म्हणतात, म्हणजे लांबून बोलणारा. आपला दूरध्वनी मात्र लग्नपत्रिकेच्या तळाशी आणि सरकारी पत्राच्या डोक्यावर राहिला, तोंडात काही बसला नाही, आणि भ्रमणध्वनी तर तिथंही अवघडून उभा असतो.

मग फोनचा शोध ग्रीसमध्ये लागला का?

नाही हो. हा प्रश्न दर महिन्याला येतो. जुन्या ग्रीकांनी फोन स्वप्नातही बघितला नव्हता, आणि 'टेलिफोन' हा जोडशब्द त्यांच्याकडे नव्हताच. तुकडे त्यांचे, जोडकाम फार नंतरचं, तेही दुसऱ्यांनी केलेलं.

आणि गंमत अशी की शब्द यंत्राच्या आधी तयार होता. १८२०-३० च्या सुमारास फ्रान्समध्ये झां-फ्रांस्वा सुद्र नावाचा संगीतवाला सुरांनी लांबवर निरोप पाठवायची एक पद्धत बसवत होता, त्याला तो 'टेलेफोनी' म्हणायचा. वायर नाही, वीज नाही, नुसते सूर. मग १८६१ ला जर्मनीत फिलिप राइसनं विजेवर आवाज पाठवायचं यंत्र दाखवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'टेलेफोन'. अलेक्झांडर ग्रॅहम बेलला पेटंट मिळालं ७ मार्च १८७६ ला आणि तीन दिवसांनी, १० मार्चला, त्यानं शेजारच्या खोलीतल्या मदतनिसाला, वॉटसनला, तारेवरून हाक मारली. म्हणजे बेलला नाव शोधत बसावं लागलंच नाही, आयतं होतं. बाकी पहिला खराखुरा टेलिफोन कॉल लांबून नाही, बाजूच्या खोलीतून झाला, यावर माझे बाबा फार हसायचे, आमच्या घरीही बाजूच्या खोलीतनंच कॉल येतात आता, चहा आण म्हणून.

सगळ्या शास्त्राच्या शब्दांना ग्रीकच का लागतं? इंग्रजांना आपली भाषा नव्हती?

होती की. पण आपण काय करतो बघा. नवीन वस्तू आली आणि तिला भारदस्त नाव द्यायचं झालं की आपण संस्कृतची पेटी उघडतो: दूरदर्शन, संगणक, आकाशवाणी, अभियंता. घरात कोणी संस्कृत बोलत नाही तरी पार्ट तिथलेच, कारण ते जोडायला सोपे आणि सगळ्यांना थोडे थोडे ओळखीचे. युरोपातल्या शिकलेल्या लोकांची तशी पेटी म्हणजे ग्रीक आणि लॅटिन. शाळेत ते दोन्ही घोकून आलेले असायचे. शिवाय फ्रेंच माणसानं शब्द केला काय की जर्मन माणसानं, ग्रीक असला की कोणाचा मान जात नाही, सगळे आपापल्या उच्चारात वापरून टाकतात.

स्पेलिंगमध्ये एफ सोडून पी-एच कशाला?

हा प्रश्न शाळेतली मुलं विचारतात आणि मला सगळ्यात आवडतो, कारण याचं उत्तर मराठी माणसालाच नीट कळतं, इंग्रजाला नाही.

जुन्या ग्रीकमध्ये त्या अक्षराचा उच्चार एफसारखा, दात ओठावर टेकवून, नव्हताच. तो होता आपला अस्सल 'फ', फणसातला, फुलातला, दोन ओठ मिटून श्वास सोडून काढलेला. म्हणजे प आणि वर ह. रोमन लोकांच्या लिपीत असं अक्षर नव्हतं, म्हणून त्यांनी जसं ऐकू आलं तसं पी आणि एच शेजारी शेजारी लिहिलं. नंतरच्या शतकांत ग्रीकांचाच उच्चार बदलत बदलत एफ झाला, पण स्पेलिंग तसंच अडकून राहिलं. तेव्हा गावाकडची आजी जेव्हा फणसाच्या 'फ'नं 'फोन' म्हणते ना, तेव्हा ती अडाणी नाही, ती प्लेटोच्या जवळचं बोलतेय. कॉन्व्हेंटवाली नातच नवीन.

पोर्तुगीजांनी मात्र १९११ साली स्पेलिंगची साफसफाई केली आणि पी-एच सरसकट काढून एफ घातला. त्याच्या आधी ते सुद्धा टेलिफोन, फार्मसी, फोटोग्राफी सगळं पी-एचनंच लिहायचे. तुमच्या घरी आजोबांच्या पेटीत पोर्तुगीज काळातले कागद असतील तर हे एक बघायचं. पी-एच दिसला तर कागद बहुतेक १९११ च्या आधीचा, किंवा लिहिणारा जुन्या वळणाचा. पणजीत अजून कुठे कुठे 'फार्मासिया'चे बोर्ड आहेत, त्यावर एफच सापडेल.

हे 'फोने' आपल्या कुठल्या शब्दाशी जुळतं का?

जुळतं, आणि ज्या दिवशी मला हे कळलं त्या दिवशी मी दुकानात एकटीच हसत होते.

ग्रीक आणि संस्कृत लांबच्या बहिणी आहेत हे माहीत असेलच. त्यात एक नियम आहे, संस्कृतात जिथं 'भ' तिथं ग्रीकमध्ये बऱ्याचदा 'फ'. भ्राता, ग्रीकमध्ये फ्रातेर. भरति म्हणजे वाहून नेतो, ग्रीकमध्ये फेरेइन. आता 'फोने' ज्या मुळातून आलंय त्याचा अर्थ आहे बोलणं, आणि भाषाशास्त्रवाले त्याच मुळाकडे संस्कृतचं 'भण्' धातू नेतात, भणति म्हणजे बोलतो. आणि 'भण्'पासून प्राकृतातून घसरत घसरत मराठीत काय आलं? म्हणणे! कोंकणीतलं 'म्हणप' तेच. म्हणजे 'फोन' आणि 'म्हणणं' हे चुलत भावंडं. तुम्ही फोनवर 'काय म्हणतोस?' विचारता तेव्हा एकाच घराण्याचे दोन शब्द, हजारो वर्षं वेगळ्या वाटांनी फिरून, एका तारेच्या दोन टोकांना येऊन भेटतात.

अजून काही अशाच जोड्या, वाचून सोडून द्या: ग्रीक 'मेगा' आणि आपलं 'महा', 'पोली' आणि 'पुरु', 'एउ' आणि 'सु', 'दुस' आणि 'दुः'. पॉलिफोनिक रिंगटोन आठवते का, २००३-०४ च्या वेळची, जिच्यासाठी पोरं पैसे मोजायची? पुष्कळ आवाजांची, म्हणून पॉलिफोनिक. आणि त्यातला 'टोन' पण ग्रीकच, 'तोनोस' म्हणजे ताणणे, ताणलेली तार. आधीच्या टींटीं वाजणाऱ्या रिंगटोन मोनोफोनिक, एका वेळी एकच सूर.

टेलेवाले बाकीचे शब्द?

इथं गर्दी आहे, सावकाश घेऊया.

सगळ्यात जुना टेलिस्कोप. गॅलिलिओच्या नळीला हे नाव १६११ साली रोममध्ये मिळालं, त्याच्या सन्मानासाठी मेजवानी होती तिथं, आणि ते सुचवणारा जोव्हान्नी देमिसियानी हा मात्र खराखुरा ग्रीक होता. 'स्कोपेइन' म्हणजे न्याहाळणं. हे सुद्धा आपल्या 'पश्य'शी नातं सांगतं, पश्यति म्हणजे बघतो.

टेलिग्राफ फ्रान्सचा, १७९० च्या दशकातला. यात वीज नाही हां, क्लोद शाप्प नावाच्या माणसानं टेकड्यांवर मनोरे बांधून वर लाकडी हात बसवले होते, हात हलवून खुणा करायच्या, पुढचा मनोरा दुर्बिणीतनं बघून तशाच खुणा पुढे करणार. १७९४ ला पॅरिस ते लील अशी पहिली लाइन चालू झाली. शाप्पला आधी नाव ठेवायचं होतं 'टाकिग्राफ', म्हणजे भराभर लिहिणारा, पण ओळखीतल्या जाणकारानं सुचवलं की टेलिग्राफ कर, लांबवर लिहिणारा. 'ग्राफेइन' म्हणजे लिहिणं, त्याहून आधी ओरखडणं, दगडावर किंवा मातीवर रेघ मारणं.

टेलिग्राम हा त्याचा पोरगा, १८५२ साली अमेरिकेतल्या पेपरात पहिल्यांदा सुचवला गेला कारण 'टेलिग्राफिक डिस्पॅच' म्हणून म्हणून लोकांची जीभ दमली होती. ग्रीक जाणणारे पंडित भयंकर चिडले, व्याकरणानं 'टेलिग्राफीम' व्हायला हवं म्हणून. कोण ऐकतो. आपण तर दोन्ही सोडून 'तार' म्हटलं आणि मोकळे झालो. तार आली म्हटलं की घरातल्या बायका आधी रडायला सुरुवात करायच्या आणि मग वाचून घ्यायच्या, भाचीचं लग्न ठरल्याची असली तरी. (गोव्यात 'तार' म्हणजे होडीनं नदी ओलांडायची जागा पण, त्यामुळे 'तारीवर गेलाय' ऐकून बाहेरचा माणूस पोस्टात शोधायचा.) आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आता टेलिग्राम म्हटलं की पोरांना निळं ॲप आठवतं, पिक्चर डाउनलोड करायचं.

टेलिव्हिजन हा खिचडी शब्द. टेले ग्रीक, व्हिजन लॅटिन. पॅरिसमध्ये १९०० साली वीजतज्ज्ञांच्या परिषदेत कॉन्स्तान्तिन पेर्स्की या रशियन माणसानं निबंध वाचला, त्यात हा शब्द होता. आपलं 'दूरदर्शन' तसं जास्त शुद्ध निघालं, दोन्ही पार्ट एकाच कंपनीचे.

टेलिपथी १८८२ ची, फ्रेडरिक मायर्सनं केलेला शब्द, 'पाथोस' म्हणजे मनाला जाणवणं. फोन न करता आईला कसं कळतं की आपण जेवलो नाही, ते.

आणि नंतर तर 'टेले' इतका वापरला गेला की त्याचा अर्थच बदलला. टेलिमार्केटिंग, टेलिकॉलर यांत 'टेले' म्हणजे 'लांब' राहिलंच नाही, 'टेलिफोनवरून' असा अर्थ झाला. पार्ट काढून दुसऱ्या मॉडेलला लावला की असंच होतं.

दुर्बीण हा शब्द टेलिस्कोपवरूनच आलाय ना?

नाही, दुर्बीण फारसी. 'दूर' अधिक 'बीन', बीन म्हणजे बघणारा. अर्थ हुबेहूब टेलिस्कोपचाच पण ग्रीकच्या दारातसुद्धा न जाता. आणि फारसीतला 'दूर' आणि संस्कृतातला 'दूर' हे सख्खेच, म्हणून आपल्याला तो परका वाटत नाही. तारीख, किल्ला, दुर्बीण, सगळं एकाच मुक्कामाला उतरलं.

माइक म्हणजे मायक्रो, मायक्रो म्हणजे छोटा. पण माइकनं तर आवाज मोठा होतो!

जत्रेत 'हॅलो हॅलो माइक टेस्टिंग' करणाऱ्या एका दादानं मला हे विचारलं होतं, भांडायच्या सुरात.

छोटा माइक नाही, छोटा आवाज. मायक्रोस्कोप म्हणजे बारकं बघायचं यंत्र, त्याच चालीवर मायक्रोफोन म्हणजे बारका आवाज ऐकायचं यंत्र. १८२७ साली चार्ल्स व्हीट्स्टननं जे मायक्रोफोन म्हणून केलं ते डॉक्टरच्या स्टेथोस्कोपच्या जातीचं होतं, वीज नव्हतीच त्यात. विजेचा मायक्रोफोन, ज्यावरून आजचे माइक निघाले, तो १८७८ च्या सुमाराचा, डेव्हिड ह्यूजनं हे नाव त्याला लावलं. मोबाइलमध्ये तो तांदळाच्या दाण्याएवढा असतो, खालच्या बाजूला चार्जिंगच्या भोकाशेजारी, आणि 'माझा आवाज पलीकडे जात नाही' म्हणून येणाऱ्या दहातल्या निम्म्या फोनांत त्या बारीक भोकात पीठ किंवा समुद्राची रेती असते. सुई खुपसू नका. कृपा करून सुई खुपसू नका.

आवाज मोठा करणाऱ्याला ग्रीकमध्ये नाव हवंच असेल तर मेगाफोन आहे, महा-आवाज. निवडणुकीत रिक्षावर लावतात तो भोंगा त्याच घरातला. हेडफोन आणि इअरफोन मात्र पुढून इंग्रजी, मागून ग्रीक.

सॅक्सोफोनचा फोनशी संबंध आहे का, की नुसतं नाव?

आहे. अडॉल्फ साक्स नावाचा बेल्जियमचा वाद्य करणारा होता, १८४६ ला त्यानं पॅरिसमध्ये पेटंट घेतलं, आणि वाद्याचं नाव सरळ स्वतःचं आडनाव अधिक फोन, 'साक्सचा आवाज'. काय आत्मविश्वास! झायलोफोन म्हणजे लाकडाचा आवाज. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या जत्रेच्या, ब्रास बँडमध्ये मोठं पोट असलेलं एक वाद्य असतं, युफोनियम, ते आपल्या भाषेत 'सुध्वनी'. सिम्फनी म्हणजे एकत्र आवाज, 'सिन' म्हणजे सोबत. कॅकोफनी म्हणजे वाईट आवाज, ऐकायची असेल तर बाजाराच्या दिवशी आमच्या गल्लीत या.

ग्रामोफोनची गोष्ट मजेशीर आहे. एडिसननं १८७७ ला फोनोग्राफ काढला, आवाज लिहिणारा. दहा वर्षांनी, १८८७ ला, एमिल बर्लिनरनं चपट्या तबकडीचं यंत्र केलं आणि नावातले तेच पार्ट पुढचे मागे मागचे पुढे केले, ग्रामोफोन. स्पेअर पार्ट एकच, मॉडेल नवीन.

आणि गोव्याचं म्हणाल तर जानेवारी २०१४ मध्ये इथं लुसोफोनिया गेम्स झाले होते, आठवतात? पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांच्या स्पर्धा. 'लुसो' हे लुसितानिया या जुन्या रोमन प्रांतावरून, आजचा पोर्तुगाल साधारण तिथं, आणि 'फोनिया' आपला तोच, आवाज, बोली. तेव्हा एका गिऱ्हाइकानं मला सिरियसली विचारलेलं की ही कुठल्या मोबाइल कंपनीची टुर्नामेंट म्हणून.

मोबाइल, सेल, सिम, डायल, रिसीव्हर हे पण ग्रीक?

नाही. भराभर सांगते. मोबाइल लॅटिन, हलणारा. सेल लॅटिन, छोटी खोली, कारण टॉवरच्या रेंजचे नकाशावर मधाच्या पोळ्यासारखे कप्पे पाडतात. डायल पण लॅटिनमधल्या 'दिवस' वरून, आधी सूर्याच्या सावलीचं घड्याळ, मग कुठलीही गोल तबकडी. डिजिट म्हणजे बोट, बोटावर मोजायचं म्हणून. अँटेना म्हणजे होडीच्या शिडाची आडवी काठी. रिसीव्हर, ऑपरेटर, सिग्नल, नंबर सगळे लॅटिनवाले. कॉल आणि रिंग जुने उत्तर युरोपातले. सिम हे तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. ब्लूटूथ एका डॅनिश राजाचं टोपणनाव, दहाव्या शतकातला हाराल्ड. इमोजी जपानी, 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर, इमोशनशी काहीएक संबंध नाही, आणि हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात.

ट्रंक कॉलमधली ट्रंक लोखंडाची पेटी नव्हे आणि हत्तीची सोंडही नव्हे. झाडाचा बुंधा. बुंध्यातून फांद्या फुटतात तशी दोन शहरांमधली मोठी लाइन. बाबा सांगायचे की मुंबईला ट्रंक कॉल बुक करून माणसं जेवून, झोपून उठायची तरी लागायचा नाही, आणि लागला की सगळा वाडा ऐकेल इतक्या जोरात बोलायचे, कारण मुंबई लांब आहे ना!

हॅलो हे बेलच्या गर्लफ्रेंडचं नाव होतं, मार्गारेट हॅलो. खरंय?

व्हॉट्सॲपवर वर्षातून दोनदा येतं ते. खोटं आहे. बेलच्या बायकोचं नाव मेबल हबर्ड, ती लहानपणापासून ऐकू न येणारी होती, बेल ऐकू न येणाऱ्यांना शिकवायचा आणि तिथंच त्यांची ओळख. हॅलो ही जुनी हाकारायची आरोळी, इंग्रजीतली, ग्रीक नाही आणि मुलगी तर नाहीच. फोनवर हॅलो म्हणा असं एडिसननं १८७७ मध्ये पत्रात सुचवलं. खुद्द बेलला 'अहॉय' हवं होतं, जहाजावरची हाक. तो जिंकला असता तर आमच्या बूथमध्ये दिवसभर खलाशी भरल्यासारखं वाटलं असतं.

अँड्रॉइडचा अर्थ काय?

'माणसासारखा'. ग्रीक 'अनेर', त्याचं रूप 'अंद्रोस', म्हणजे पुरुष, आणि 'एइदोस' म्हणजे रूप, दिसणं. मोबाइल यायच्या कितीतरी आधीपासून माणसासारख्या दिसणाऱ्या यंत्राला हा शब्द होता, म्हणून तर तो हिरवा रोबो. आता परत ते नातं बघा: 'अनेर' आणि आपला 'नर' एकाच मुळाचे. 'एइदोस' ज्या मुळातून आलं, बघणं-जाणणं, त्यातूनच आपलं 'विद्', वेद, विद्या. म्हणजे अँड्रॉइडच्या पोटात नर पण आहे आणि वेदाचा भाऊबंद पण. स्टोरेज फुल्ल का होतं ते कळलं.

बॅटरीवर 'लिथियम आयन' लिहिलेलं असतं ते काय?

ही सगळ्यात जास्त ग्रीक वस्तू, फोन या शब्दाहूनही. 'लिथोस' म्हणजे दगड. १८१७ साली स्वीडनमध्ये एका खनिजाच्या दगडात हे मूलद्रव्य सापडलं, सोडियम-पोटॅशियमचे क्षार झाडांच्या राखेतूनही मिळायचे, हे थेट दगडातून, म्हणून लिथियम. आमच्याकडचा चिरा ग्रीकांना दाखवला असता तर लिथोसच म्हणाले असते. 'आयन' म्हणजे जाणारा, चालणारा. तेव्हा लिथियम आयन म्हणजे चालणारा दगड, आणि बॅटरीत होतं पण तेच, चार्ज करताना लिथियमचे कण एका बाजूनं दुसऱ्या बाजूला चालत जातात, वापरताना परत येतात. त्या दोन बाजू ॲनोड आणि कॅथोड, 'वर जायची वाट' आणि 'खाली जायची वाट', 'होदोस' म्हणजे रस्ता. आयन, ॲनोड, कॅथोड ही नावं मायकेल फॅरडेनं १८३४ मध्ये वापरात आणली, स्वतः ग्रीक शिकलेला नव्हता, म्हणून विल्यम ह्यूएल नावाच्या विद्वानाला पत्र लिहून विचारून घेतली. चांगला मेकॅनिक असंच करतो, येत नसेल तर विचारतो.

इलेक्ट्रिक तर 'एलेक्त्रोन'वरून, म्हणजे तृणमणी, तो पिवळा राळेचा खडा, लोकरीवर घासला की गवताच्या काड्या ओढून घेतो. आपलं 'तृणमणी' नाव सुद्धा त्याच गुणावरून पडलंय.

(फुगलेली बॅटरी दाबून बसवून द्या म्हणू नका. चालणारा दगड तेव्हा पळणारा होतो.)

आजचे ग्रीक लोक फोनला काय म्हणतात?

तिलेफोनो. उच्चार बदललाय पण शब्द आपल्या घरी परत गेला, शहरातून शिकून आलेल्या मुलासारखा. मोबाइलला मात्र ते मोबाइल म्हणत नाहीत, 'किनितो' म्हणतात, हलणारा, सिनेमा ज्या शब्दातून आला त्याच 'हलणं' या मुळातून. टीव्हीला 'तिलेओरासी', सगळं शुद्ध ग्रीक. फोन उचलल्यावर कोणी 'ने' म्हणालं तर ठेवू नका, ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो. आपल्या ना-नाहीच्या कानाला ते पहिल्यांदा उलटंच लागतं.

पोर्तुगालला गेलेले आपले लोक सुट्टीला आले की 'तेलेमोव्हेल' म्हणतात. टेले अधिक हलणारा. यात फोनच गळून पडलाय, आवाज नाही, नुसतं लांब आणि हलतं. ब्राझीलवाले 'सेलुलार' म्हणतात.

गोव्यात रोजच्या बोलण्यात ग्रीक शब्द आहेत का, फोन सोडून?

भरपूर, पोर्तुगीजांच्या गोणीतून आलेले. इगर्ज घ्या, म्हणजे चर्च, पोर्तुगीज 'इग्रेजा', त्याच्या मागे ग्रीक 'एक्लेसिया', म्हणजे जमलेली सभा. तियात्र, म्हणजे कोंकणी नाटक, मागे 'थेआत्रोन', बघायची जागा. इश्कोल, म्हणजे शाळा, मागे 'स्खोले', ज्याचा मूळ अर्थ रिकामा वेळ, हे मुलांना सांगू नका. आणि बिस्प, म्हणजे बिशप! पोर्तुगीज 'बिस्पो', ग्रीक 'एपिस्कोपोस', वरून लक्ष ठेवणारा. त्यातला 'स्कोप' म्हणजे टेलिस्कोपमधलाच. बिस्प आणि दुर्बीण एका पार्टावर चालतात, हे मी एका पाद्रींना सांगितलं तर ते स्क्रीनगार्ड लावून घेताना इतके हसले की परत एअर बबल राहिला, दुसरा लावावा लागला.

फोन ऐकू येतो पण फोनचा नाही, असे शब्द?

आहेत. इंग्रजीतला 'फोनी', म्हणजे बनावट, याचा फोनशी संबंध नाही, तो बहुतेक आयरिश भाषेतल्या अंगठीच्या शब्दावरून आला, पितळेची अंगठी सोन्याची म्हणून खपवणारे भामटे होते त्यांच्यावरून. फिनिशियन या जुन्या दर्यावर्दी लोकांचं नाव ग्रीक आहे पण ते जांभळट तांबड्या रंगावरून. पर्सेफोनी ही ग्रीक देवी, तिच्या नावातला 'फोनी' म्हणजे आवाज नव्हे.

आणि आमच्या गोव्यातलं फोंडा गावही फोनचं नाही. हे मला खरंच विचारलंय, एका दिल्लीच्या टुरिस्टनं, गुगल मॅप उघडा धरून.